मागच्या प्लेटवरची चिलटं

"माझ्या गाडीला कुणीतरी ठोकलंय," फोनवर बाई सांगत होती. "कुलपातल्या गॅरेजमध्ये उभी होती हो! बंपर आत गेलाय, डावा दिवा फुटलाय. माझी तक्रार लिहून घ्या."

हवालदाराने गाडीचा रंग विचारला. पांढरा. कंपनी आणि मॉडेल विचारलं आणि मग फोनवर हात ठेवून तो साहेबांकडे बघत राहिला.

काल दुपारी शाळेमागच्या वळणावर एका पोस्टमनला उडवून जी गाडी पळाली, ती पांढरी होती, याच मॉडेलची होती. नंबर कुणालाच दिसला नव्हता. रस्त्यावर डाव्या दिव्याच्या काचा सांडल्या होत्या आणि पोस्टमन हॉस्पिटलात होता, अजून शुद्धीवर आलेला नव्हता.

"त्यांना सांग, गाडीला हात लावू नका," साहेब उठत म्हणाले. "आणि घराबाहेर पडू नका."

फिर्याद द्यायला फोन उचलणारी बाई फोन खाली ठेवेपर्यंत संशयित झाली होती. तिला मात्र अजून त्याचा पत्ता नव्हता.

चौकीत सगळे या साहेबांना पाठीमागे जिनेसाहेब म्हणत. सहावा मजला असो की नववा, साहेब लिफ्टने जात नसत. बंद जागेत त्यांचा जीव गुदमरायचा. गॅरेज बघताच ते दारातच थांबले. घरापासून वेगळी उभी असलेली विटांची खोली, वर जाळी मारलेला एक झरोका आणि समोर लोखंडी शटर. आत दोन पांढऱ्या गाड्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. हुबेहूब सारख्या, जुळ्या बहिणींसारख्या. दोघींच्या मधून माणूस आडवा होऊनच जाऊ शकत होता.

"उजवीकडची माझी, डावीकडची दादांची," बाई म्हणाली. ती घरातली धाकटी सून, मोटार चालवायला शिकवण्याचा तिचा व्यवसाय. "एकाच दिवशी घेतल्या, दोन घेतल्या तर सूट मिळत होती म्हणून."

दादा म्हणजे थोरला दीर, बिनलग्नाचा, मांडीपर्यंत प्लास्टर घातलेला, खुर्चीसकट उचलून आत आणून बसवलेला. त्याच्या शेजारी सासूबाई. आणि बायकोच्या खांद्यावर हात ठेवून उभा असलेला धाकटा, म्हणजे तिचा नवरा.

साहेबांनी पाकिटातला काचेचा तुकडा काढून उजव्या गाडीच्या फुटक्या दिव्याला लावून पाहिला. तुकडा आपल्या जागी चपखल बसला.

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं.

बाहेर शेजारपाजारचे जमायला लागले होते. "शटर ओढून घेऊ का, साहेब?" धाकट्याने विचारलं. "तमाशा नको." साहेब नाही म्हणणार होते, पण त्या बाईचा चेहरा पाहून त्यांनी मान हलवली. "अर्धंच ओढा."

शटर अर्ध्यावर थांबलं नाही. वर काहीतरी तुटल्याचा आवाज झाला आणि ते धाडकन खाली आलं. जमिनीपासून वीतभर अंतरावर तिरकं अडकलं ते अडकलंच. आतून धाकटा आणि बाहेरून हवालदार, दोघांनी जोर लावून पाहिला. शेवटी हवालदाराने हात टेकले.

"स्प्रिंग गेली, साहेब," फटीतून त्याचा आवाज आला. "मिस्त्रीला घेऊन येतो."

त्याची पावलं लांब गेली. साहेबांच्या शर्टाची कॉलर एकाएकी घट्ट झाली. पाच माणसं, दोन गाड्या, टायरांचा वास. त्यांनी वरचं बटण सोडलं आणि ते कामाला लागले. बोलत राहिलं की जरा बरं वाटतं, हा त्यांचा जुना अनुभव.

"काल दुपारी कुठे होतात, ताई?"

"घरात झोपले होते. डोकं फुटायची वेळ आली होती."

"कुणी पाहिलं?"

"मी घरातच होतो ना," धाकटा मध्येच म्हणाला. "पुढच्या खोलीत पेपर वाचत. पण हिच्या खोलीचं दार बंद होतं. खोटं कशाला बोलू? मागच्या दाराने गेली असेल तर मला कळणार कसं?"

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं.

"आणि तुम्ही, काकू?"

"मी शेजारी बसायला गेले होते. संध्याकाळी आले."

"मी वर माझ्या खोलीत," थोरला म्हणाला. "हा पाय घेऊन जाणार कुठे? शटरचा आवाज आला होता. मला वाटलं, हीच निघाली असेल शिकवायला."

"गाडी कोण कोण चालवतं घरात?"

"ही आणि दादा," धाकट्याने उत्तर दिलं.

"तुम्ही नाही?"

"माझं लायसन रद्द झालंय. थोडी घेतली होती मागे एकदा."

"थोडी कसली!" सासूबाई पुटपुटल्या. "एकदा कसली!"

"आई!"

"चाव्या कुठे असतात?"

"दादांची दाराजवळच्या खिळ्याला," धाकटी म्हणाली. "माझी माझ्या पर्समध्ये. काल पर्स उशाशी होती. संध्याकाळी यानेच गोळी आणि पाणी आणून दिलं, तेव्हा जाग आली."

"म्हणजे तुमच्या गाडीची चावी दुपारभर तुमच्याच उशाशी."

"हो."

तिच्या लक्षात आलं की आपल्या हाताने आपण दार लावून घेतलं. डोळे भरून आले, पण आवाज तिने सांभाळला. "साहेब, मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. एक ओरखडा उठला तरी आधी थांबायचं, हा माझा पहिला धडा असतो. माणसाला पाडून मी पळेन? उद्यापासून कोण येईल माझ्याकडे शिकायला?" मग जरा घुटमळून म्हणाली, "आणि एक सांगू? सकाळी मी हिच्यात बसले, वीतभर पुढे घेऊन पाहिली. ही मला माझी वाटलीच नाही. माझा क्लच अलगद सुटतो. हा हिसका देतो."

थोरला ओशाळं हसला. "गाडी धडकलीय ग. हिसका देणारच."

"अगं, कबूल करून टाक," धाकटा तिच्या कानाशी वाकून म्हणाला, पण त्या खोलीत कानगोष्टही सगळ्यांना ऐकू जात होती. "तुझा पहिलाच गुन्हा आहे. घाबरलीस म्हणून सांगू. चांगला वकील देतो. दंड होईल, फार तर काही महिने. मी आहे ना."

"पण मी गेलेच नव्हते रे!"

"गोळीच्या गुंगीत माणसाला आठवत नाही कधीकधी."

"गोळी संध्याकाळी घेतली मी!"

साहेबांचं आता कुणाच्याच बोलण्याकडे लक्ष राहीना. भिंती जवळ सरकत होत्या, निदान त्यांना तसं वाटत होतं. लाजबीज गुंडाळून ठेवून ते शटरपाशी गेले आणि फरशीवर बसकण मारून त्यांनी फटीतली हवा ओढून घेतली. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. असला अधिकारी त्यांनी जन्मात पाहिला नसावा.

हवा छातीत भरली तशी नजर जागेवर आली. खाली बसल्यामुळे दोन्ही गाड्यांच्या मागच्या नंबरप्लेट थेट डोळ्यांसमोर होत्या. साहेब उजवीकडच्या प्लेटकडे बघत राहिले. मग पुढे सरकले आणि नखाने काहीतरी खरवडलं.

"ताई, ही चिलटं कुठली?"

"काय?"

"चिलटं. वाळून चिकटलीत प्लेटवर. पाच-पंचवीस तरी असतील."

"परवा तळ्याच्या रस्त्याने गेले होते संध्याकाळची. थवेच्या थवे आले अंगावर. घरी येऊन काच धुतली, प्लेट राहिली असेल."

"तळ्यापर्यंत तुम्ही गाडी उलटी नेलीत का?"

कुणालाच काही उमगलं नाही. साहेब उठले, दोन गाड्यांच्या मधून श्वास रोखून आडवे सरकत पुढच्या भिंतीशी पोचले आणि मोबाइलचा दिवा लावून खाली बसले. उजव्या गाडीचा बंपर मधोमध आत दबला होता. त्यावरची नंबरप्लेट मात्र सपाट होती, कुठे मुडपलेली नाही. तिच्यावर मागच्या सायलेन्सरच्या धुराची काजळी होती. स्क्रूंच्या डोक्यांवर ताजे, चकचकीत ओरखडे होते. त्यांनी दिवा डाव्या गाडीकडे वळवला. बंपर धडधाकट. प्लेटला मात्र लाटा आल्या होत्या आणि दोन आकड्यांचा रंग तडकला होता.

साहेब गुडघे झटकत उभे राहिले. आवाज चढला होता, पण भीतीने नव्हे.

"या घरात काल दोन गाड्यांच्या नंबरप्लेट बदलल्या गेल्या," ते म्हणाले. "एका प्लेटला दोन स्क्रू. प्लेटा चार. घरातला एखादा स्क्रूड्रायव्हर त्याला पुरतो. पण घाईचं काम. पुढची आणि मागची प्लेट दिसायला सारखीच, आणि फरशीवर काढून ठेवल्यावर कुठली कुठली ते बघायला सवड नव्हती. म्हणून ताईंची चिलटं लागलेली पुढची प्लेट मागे गेली आणि काजळी धरलेली मागची पुढे आली. बंपर पार दबला आणि त्याच्यावरची प्लेट सपाट, असं कसं होईल? कारण धडक बसली तेव्हा ती या बंपरवर नव्हतीच. जी होती ती मुडपली. ती कुटून सरळ केली आणि शेजारच्या चांगल्या गाडीला लावली. ताई, तुमचा क्लच खोटं बोलत नाही. ही तुमची गाडी नाही. ही दादांची. तुमची ती, डावीकडची, सुखरूप उभी आहे."

"माझी?" थोरला खुर्चीतून उठायला गेला आणि विव्हळत परत बसला. "साहेब, मी या पायाने..."

"तुम्ही नाही. मांडीपर्यंत प्लास्टर घातलेल्या माणसावर संशय येणारच नव्हता, तुम्हाला प्लेटा बदलायची गरजच काय? काकूंना गाडी येत नाही. ताई स्वतःच्या गळ्यात फास अडकवून वर आम्हाला फोन करणार नाहीत. मग प्रश्न एवढाच उरतो. दादांची गाडी ठोकलेली दिसली असती तर कोण अडकलं असतं? ताईंना दादांच्या गाडीची गरज नाही, त्यांची स्वतःची आहे. खिळ्यावरची चावी कुणाला घ्यावी लागली? ज्याला उशाशी असलेल्या पर्समधली चावी काढता येत नव्हती त्याला. ज्याचं लायसन रद्द आहे त्याला. संध्याकाळी गोळी द्यायच्या निमित्ताने तो खोलीत गेला, तेव्हा पर्समधल्या कडीतली चावीही बदलली, आणि रात्री गाड्यांच्या जागाही."

धाकट्याचा हात बायकोच्या खांद्यावरून खाली आला होता.

"चिलटांवरून कुणी गुन्हेगार ठरतो का?" तो म्हणाला.

"नाही ठरत. बॉनेट उघडा. चासीचा नंबर पत्र्यावर कोरलेला असतो. तो काढायला तुमचा स्क्रूड्रायव्हर चालत नाही."

कुणी बॉनेट उघडायला पुढे झालं नाही. धाकटा गाडीला टेकून खाली घसरला आणि फरशीवरच बसला.

"तुला सोडलं असतं ग," तो बायकोकडे न बघता म्हणाला. "पहिलाच गुन्हा. मला नसतं सोडलं. मी दारू घेतली होती काल. तो सायकलवरून एकदम समोर आला..."

"गप्प बस!" सासूबाई ओरडल्या. मग साहेबांसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "याला काय बोलतो याची शुद्ध नाही. साहेब, आपण पाचच माणसं आहोत इथे. शटर बंद आहे. आठ स्क्रूंचीच गोष्ट ना? राहू द्या आहे तसं." त्या सुनेकडे वळल्या. "मी पदर पसरते बाई तुझ्यापुढे. तुला सोडतील म्हणतोय ना तो! घरातलं घरात राहू दे."

धाकटा चटकन वर बघायला लागला. आईच्या बोलण्याने त्याला उभारी आली. "आणि मी इथे काय बोललो ते कोर्टात कबूल करणार नाही. मी घरात होतो. पेपर वाचत होतो."

साहेबांना ही पंचाईत माहीत होती. "गाडी कुणाची ते चासी सांगेल, ताई," ते सावकाश म्हणाले. "चालवत कोण होतं ते चासी सांगत नाही. हे घरात नव्हते असं सांगू शकणारं माणूस काल दुपारी खाली एकच होतं."

सगळे तिच्याकडे बघू लागले. जायला वाट नव्हती. एका बाजूला सासू, समोर नवरा, पाठीशी भिंत. बाहेरून मिस्त्रीच्या हातोडीचे घाव शटरवर पडायला लागले.

"काल दुपारी मला तहान लागली होती," ती म्हणाली. "मी याला हाका मारल्या. ओ दिली नाही म्हणून स्वतःच उठून पाणी घेतलं. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. दाराशी याच्या चपला नव्हत्या. पुन्हा जाऊन पडले."

"मघाशी का नाही बोललात?"

"मला वाटलं, प्यायला गेला असेल." तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "तुमच्यासमोर त्याची लाज जायला नको, म्हणून मूग गिळून बसले. तो मला तुरुंगात पाठवत होता आणि मी त्याची लाज झाकत होते, साहेब."

धाकट्याने तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. तिने साहेबांना नवऱ्याचं संपूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, स्पष्ट, शिकाऊ माणसाला समजावताना सांगावं तसं. सासूबाई भिंतीला टेकून रडू लागल्या. थोरल्याने मान खाली घातली ती वर केली नाही.

शटर करकरत वर गेलं. उजेड आत आला आणि हवालदार धाकट्याला उठवू लागला.

"तो पोस्टमन कुठल्या हॉस्पिटलात आहे?" तिने विचारलं.

साहेबांनी सांगितलं. ती दोन गाड्यांच्या मधून आडवी होऊन बाहेर आली, जमलेल्या लोकांना तिने वाट द्यायला लावली आणि पायीच त्या दिशेने निघाली.