पाण्यावर पाणी

खऱ्या प्रेमाला जगातली कुठलीच भिंत अडवू शकत नाही. हे ठरवणाऱ्यानं वरच्या सावंगीच्या तलावाची भिंत पाहिलेली नसावी.

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत कॉलेजं बंद पडली आणि खालच्या सावंगीचा रंगनाथ घरी आला. झरीच्या बाजाराला त्या भिंतीवरूनच जावं लागे. भुरभुर पावसात तिथं त्याच्या सायकलची चेन उतरली, आणि मागून आवाज आला,

"खालचे ना तुमी? पाणी चोरायला आलाव जणू."

"नदी तुमी चोरली. मी बघायलोय… कुठं ठेवलीय ते."

"बघा. हात लावू नका."

असं म्हणून तिनं काळे हात पुसायला पळसाचं पान पुढं केलं. ती वरच्यांचे पुढारी आबासाहेब, त्यांची मुलगी सत्यशीला. हे कळेपर्यंत रंगनाथचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढं दर बाजाराला चेन उतरू लागली.

तलावानं वरच्या विहिरींना पाणी आलं, ऊस आला. खाली गोमी नदी आटली, वाळूतल्या टरबुजाच्या वाड्या गेल्या. खालचे म्हणत, भिंत फोडा, नदी वाहू द्या. वरचे म्हणत, दगडाला हात लावून बघा. दोन्ही गावांनी सोयरीकही बंद केली होती.

माघात सत्यशीलानं निरोप आणला. तलावाच्या पाण्यावर वैशाखात सरकारी सुनावणी होती; खालच्यांनी तिथं हक्क सोडला, तर आबासाहेब सुपारी फोडायला तयार होते.

"साहेबापुढं खालच्यांकडून तुमीच बोलणार ना? म्हणा, आमी पाण्यावर पाणी सोडलं. दोनदा पाणी म्हणा… इसरू नका."

"माझ्या बापाची वाडी हाय त्या वाळूत."

"आन् मी कुठं हाय?"

रंगनाथ खाली बसून न उतरलेली चेन बसवू लागला. पदवीच्या परीक्षेतही अवघड प्रश्न आला की तो असाच पेन पुसत बसायचा.

वैशाखात भिंतीवर मांडव घातला, सुनावणीचे साहेब आले. रंगनाथ उठला. समोर बाप बसला होता, बायकांत सत्यशीला.

"साहेब, आमी… पाणी सोड—"

एवढंच ऐकू गेलं. खालची सावंगी "पाणी सोडा, पाणी सोडा" करत उसळली आणि त्याला खांद्यावर घेतलं. वरून त्यानं तिला दोन बोटं दाखवली, दोनदा म्हणायचं होतं म्हणून. लोकांना ती विजयाची खूण वाटली. तिनं पदर ओढला.

आठवड्यानं ती भिंतीवर भेटली.

"एक शब्द गिळला गेला, सत्यशीला."

"तेवढीच मी होते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, हेच त्याला सोसलं नाही.

ज्येष्ठात तिला सेलूच्या जिनिंगवाल्याकडे दिली. रंगनाथनं मग बाजार बदलला. दोन्ही गावं अजून एकमेकांना पाणी दाखवायच्या गोष्टी करतात.

सुनावणीच्या दिवशी तलाव कोरडा होता.