संकष्टीची मांजर

"या चित्राखाली एक गमतीशीर ओळ लिहाल?"

करावे गावच्या मासळीबाजारात, ऐन रविवारच्या गर्दीत, फॉर्म पुढे करणारं असं गिऱ्हाईक अक्षताने आजवर पाहिलं नव्हतं. चित्रात पिशवी घेतलेली मांजर मासेवालीपुढे उभी होती. अक्षताने हात पुसले आणि लिहिलं, 'आज संकष्टी हाय बाय, नुसता वास द्या!'

तो जो हसत सुटला... चष्म्यावर खवले उडाले तरी थांबेना. नाव अंकुर, वाशीचा, मानसशास्त्रात, विनोदावर पीएचडी करणारा.

"विनोद सुचायला डोकं लागतं," तो म्हणाला. "म्हणून तर जोडीदार निवडताना माणसं पूर्वापार त्याला भाव देत आली असावीत. पुरुष हसवतो, बाई हसून पसंती देते... असं काही संशोधक म्हणतात."

"आनि बाईनं हसवलं तं?"

अंकुर चष्मा पुसू लागला.

अक्षताला उत्तर ठाऊक होतं. गेल्या वर्षी पाहुण्यांसमोर तिने एक थट्टा केली आणि 'मुलगी फार बोलते' म्हणून ठरत आलेलं लग्न मोडलं. जीभ आवर, असं अख्खी आळी सांगत होती. पण ज्या घरात जीभ उंबऱ्याबाहेर ठेवावी लागेल तिथे जायचंच नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. बाणेदारच होती पोरगी!

"मंग तू हसव मला," ती म्हणाली. "हसले तं पसंत. पन खोटं हसनार नाय."

बिचारा चार रविवार आला. पापलेट घ्यायचा, पाठ केलेला विनोद सांगायचा. ती कोलंबी सोलत म्हणायची, "पुढं?" मात्र शुक्रवारपासूनच तिचं त्याची वाट पाहणं सुरू व्हायचं, हे तिने स्वतःशी कबूल केलं होतं.

पाचव्या रविवारी तो उतरल्या चेहऱ्याने आला. "तुझी ओळ मी अभ्यासातून काढून टाकली."

अक्षताचा कोयता थांबला. "का? येडपट होती?"

"दोनशे ओळींत पहिली आली. तिन्ही परीक्षकांनी नाव न बघता निवडली."

शेजारी बसलेली तिची आई सगुणा ओरडलीच, "दोनशांत पयली माजी पोर!"

अक्षताची मान ताठ झाली. "मंग काढलीस कशाला?"

"नियम आहे... संशोधकाचा जीव जिच्यात गुंतलाय, तिचा फॉर्म धरता येत नाही." त्याचे कान लाल झाले. "तसं लेखी दिलंय मी. सरांनी सही केली, विभागाचा शिक्काही बसला. फक्त... तुला सांगायचं राहिलं."

"म्हंजे शिक्का मारून झाला, नि मी शेवटी?"

आणि अक्षता हसली. खरंखुरं, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. अख्खा बाजार वळून बघत होता, तिला पर्वा नव्हती.

तिने टोपलीतलं सगळ्यात मोठं पापलेट उचललं.

"चल घरी जेवायला," ती म्हणाली. "आज नुसता वास नाय."