टाक काढलेला गुरुवार

ही गोष्ट खरी आहे. कुणाच्या मावशीच्या जावेची नाही. माझी स्वतःची आहे.

आणि आधीच सांगते, रात्र नव्हती. अमावस्या पण नव्हती. जानेवारीतला गुरुवार, सकाळची वेळ, दौंडच्या पुढं भीमेच्या फुगवट्याचं पाणी. चांगलं ऊन पडलेलं होतं.

तरी जे झालं ते झालं.

मी नीलम. आम्ही कारेगावात भाड्यानं राहतो. माझे मिस्टर सार्थक रांजणगावच्या एका कंपनीत आहेत, त्यांना गुरुवारी सुट्टी. मी त्यांची दुसरी बायको. पहिली रश्मी. तापाचं निमित्त झालं आणि गेली.

लग्नात सासूबाईंनी काळ्या पोतीत ओवलेला चांदीचा छोटा टाक माझ्या गळ्यात घातला. त्यावर बाईचं तोंड उठवलेलं. सवतीचा टाक. आमच्याकडं रीतच आहे ती. पहिली वारली की दुसरीनं तिला गळ्यात वागवायचं. नवी साडी आधी टाकाला लावायची, मग नेसायची. गोडधोड आधी तिला, मग आपल्याला.

मी सगळं केलं. पण जळायचे. खरं सांगायला कसली लाज?

रश्मी अशी हसायची, रश्मीच्या हाताला अशी चव होती. मेल्या म्हशीला मणभर दूध! जिवंत बाईशी भांडता येतं. हिच्याशी कसं भांडणार? ती चुकतच नाही.

मग मागच्या वर्षी आम्ही जुना कॅमेरा घेतला. मला पाखरांचे फोटो काढायचा नाद लागला. लांब जायला ना पैसा, ना रजा. म्हणून दर गुरुवारी जवळपासच. कधी घोड नदीच्या काठी, कधी चिंचोलीला मोर, कधी शिरूरच्या माळावर चिंकारा. मी फोटो काढायचे, हे गाडी चालवायचे. वर्षभर तेच चाललं होतं.

ते वर्ष माझं होतं. रश्मीनं कधी कॅमेरा हातात धरला नव्हता. तिच्याशी तुलना करायला जागाच नव्हती.

म्हणून तो कॅमेरा मी टाकाला लावला नाही. म्हटलं, एवढं एक तरी माझं एकटीचं असू दे.

त्या गुरुवारी पट्टेरी डोक्याचे हंस आले होते, पाण्याच्या कडेला थव्यानं बसलेले. मी मातकट कापडाचं लपण लावलं. लपण म्हणजे छोटा तंबू, आत बसून फोटो काढायचा, म्हणजे पाखरू बुजत नाही.

मी वाकले की टाक कॅमेऱ्यावर आपटायचा.

टिंग.

हंस माना वर करायचे. मी थांबायचे. पुन्हा वाकायचे.

टिंग.

माझा पारा चढला. वाटलं, ही मुद्दाम करते. इथं पण मला सुखानं बसू देईना.

मी पोत गळ्यातून काढली आणि ह्यांच्या हातात दिली. "धरा तुमची लाडकी."

हे हसले. "तिच्यावर कशाला राग काढती?" म्हणाले आणि मागच्या बाभळीखाली जाऊन बसले. ह्यांना खोकला होता, लपणात बसले असते तर एक पाखरू थांबलं नसतं.

बराच वेळ मी फोटो काढले. मस्त निघत होते.

मग एकदम शांत झालं...

हंसांचा कलकलाट थांबला. पलीकडच्या काठावरची पाणी ओढायची मोटर चालू होती, तिचा पण आवाज येईना. हंस तिथंच होते. सगळे एकाच दिशेला बघत होते. माझ्या मागं.

आणि मागून आवाज आला...

टिंग.

म्हटलं, ह्यांच्या हातात आहे, वाजला असेल.

मग हे बोललेले ऐकू आले. हळू आवाजात. मधे थांबत होते, समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखे. मग हसले.

मी वर्षभर ह्यांच्यामागं गाडीवर बसले. असं हसणं मी ऐकलं नव्हतं.

लपणाच्या मागच्या फटीतून बघितलं. बाभळीखाली हे एकटेच. पण अंग चोरून बसलेले, शेजारी जागा करून दिल्यासारखे. भाकरीचे दोन तुकडे केले. एक स्वतः घेतला. दुसरा शेजारी ठेवला.

मी कॅमेरा वळवला. लांबचं जवळ दिसतं म्हणून.

माझ्या कॅमेऱ्यात एक सोय आहे. माणसाचं तोंड दिसलं की त्यावर पिवळा चौकोन येतो. माणूस सरळ कॅमेऱ्याकडं बघायला लागला की चौकोन बारीक होऊन डोळ्यावर बसतो.

चौकोन आला...

ह्यांच्या तोंडावर नाही. शेजारच्या रिकाम्या जागेवर. बसलेल्या बाईचं तोंड जिथं येईल, तिथं.

मी कॅमेरा हलवला. चौकोन गेला. परत धरला.

परत तिथंच.

हे काहीतरी बोलले. चौकोन हलला. हळूहळू सरकत ह्यांच्या खांद्यापाशी गेला आणि तिथं टेकून राहिला.

तुम्हाला वाटेल मी घाबरले. भीती नंतर आली. आधी माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तो खांदा माझा होता.

मी तशीच बघत राहिले.

मग तो चौकोन बारीक झाला...

एवढासा झाला. आणि थांबला.

ती माझ्याकडं बघत होती.

माझं बोट आपोआप दाबलं गेलं. फोटो निघाला. त्या आवाजासरशी हंस उडाले, सगळे एकदम, आणि मोटरचा आवाज परत सुरू झाला.

मी लपणातून पळतच बाहेर आले. हे वर बघून म्हणाले, "काय गं, परत आलीस व्हय? आत्ताच तर गेलीस."

"मी? मी कुठं आले होते?"

"थट्टा करती का? इतका येळ हितं कोण बसलं होतं मग?" ह्यांच्या तोंडावर अजून ते हसू होतं. "वर्षभरात आज पहिल्यांदा चांगलं बोललीस बघ माझ्याशी."

माझ्या काळजाला घरं पडली. एवढे गुरुवार, एवढ्या वाटा, आणि चांगलं बोलणं कुणाचं? तिचं!

"काय बोलले मी?"

हे लाजले. खरंच लाजले. "आता परत वदवून घेती का? चल."

मी सांगितलं नाही, की ती मी नव्हते. सांगायचं होतं. पण ती मी नव्हते म्हटलं असतं, तर ह्यांनी विचारलं असतं, मग कोण होती. आणि उत्तर कळल्यावर ह्यांना आनंद झाला असता तर?

ती भीती मला भुतापेक्षा मोठी वाटली.

फोटोत काही नाही. हे पुसट आलेत, आणि शेजारी मोकळी जागा. मी तो कुणाला दाखवत नाही.

संध्याकाळी सासूबाईंना फोन केला. साखरबाई नाव त्यांचं, मी आत्या म्हणते. बाकी काही बोलले नाही, फक्त विचारलं, "आत्या, टाक काढून ठेवला तर चालतो का?"

"काढायचा आसंल तर देव्हाऱ्यात ठेवावा. का गं? कुठं ठिवलास?"

"ह्यांच्याकडं दिला होता. थोडा वेळ."

आत्यांचा आवाज एकदम चढला.

"त्याच्या हातात दिलास?" त्या म्हणाल्या. "आगं येडे, इतकी वर्षं ती तुझ्या गळ्यात व्हती, तवर तुझ्या ताब्यात व्हती. आता तूच तिला त्याच्या हवाली केलीस की."

"मग आता काय करू?"

"मला न्हाई ठावं बाई. आमच्यात असं कुणी केलंच न्हाई कधी."

त्याच रात्री मी पोत परत गळ्यात घातली. टाक माझ्या अंगावर कोमट व्हायचा. आता होत नाही. दिवसभर घातला तरी गारच.

कॅमेरा विकला. ह्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. फक्त गुरुवार आला की म्हणतात, "चल, नदीवर जाऊन बसू."

मी जाते. एकटं सोडायची माझी तयारी नाही. त्या बाभळीखाली मी ह्यांना अगदी खेटून बसते, मधे बोटभर जागा ठेवत नाही.

हे छान बोलतात. हसतात. सगळं माझ्याशीच बोलल्यासारखं.

फक्त... तोंड पलीकडं करून.