सतरावी फेरी

गुणवंत सर गेले आणि आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रडारड सुरू झाली. शाळा भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कच्या अलीकडे. सरांनी तिथे तीस वर्षं बास्केटबॉल शिकवला. देवमाणूस, बापासारखे, आज मी जो काही आहे तो सरांमुळे. मी विम्याचे दावे तपासतो. दहा साक्षीदार एकाच शब्दांत बोलायला लागले की मला आधी संशय येतो. इथे संशयाचीही गरज नव्हती. मी सरांना चांगला ओळखून होतो, आणि मला त्यांचा राग होता. अजून आहे.

सरांचा एक नियम होता. सरावाला एक जण उशिरा आला की बाकी सगळ्यांनी कोर्टाभोवती वीस फेऱ्या मारायच्या. उशिरा आलेल्याने धावायचं नाही. त्याने बास्केटच्या खांबापाशी उभं राहून खडूने एकेक रेघ ओढत मोजायचं. एक लांब शिट्टी झाली की सुरू, दोन आखूड झाल्या की बंद. मधे कोणी थांबायचं नाही. यातून म्हणे संघभावना येते.

पंधरा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात माझ्या सायकलची चेन पडली आणि मी तीन मिनिटं उशिरा पोचलो. आमच्या संघातल्या प्रिन्सला त्या दिवशी ताप होता. त्याने तसं सांगितलंही होतं. सतराव्या फेरीत तो पडला. सर म्हणाले, "ऊठ, नाटकं नकोत." सतरावी रेघ माझी अर्धीच ओढून झाली होती.

प्रिन्स उठलाच नाही. त्याचं हृदय जन्मापासून कमजोर होतं, असं ठरलं. पुढच्या वर्षी आम्ही जिल्हा जिंकलो आणि सर देव झाले. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. आमच्याकडे राहिलं.

शोकसभेला मी जाणारच नव्हतो. पण प्रिन्सच्या आईचा, टेरेझा मावशींचा, उत्तनहून फोन आला.

"तू बोलनार हाय ना तिथं?"

"मी काय बोलू मावशी त्या माणसाबद्दल?"

"त्याच्याबद्दल नको बोलू. माझ्या प्रिन्सचा नाव घे. माईकवर, सगल्यांसमोर. येकदाच. आता कोनी घेतच न्हाय रे."

मी शब्द दिला.

रविवारी सकाळी नऊला कोर्टावर पन्नासेक खुर्च्या मांडल्या होत्या. खांबाला नवा पिवळा रंग दिला होता, त्याचा वास अजून येत होता. खांबाशेजारी सरांचा हार घातलेला फोटो आणि त्याच्या बाजूला माईक. सरांची शिट्टी मात्र नव्हती. ती गळ्यात तशीच ठेवून त्यांना अग्नी दिला होता. ग्रुपवर त्याचा फोटोही आला होता आणि त्याखाली सगळ्यांनी हात जोडले होते.

टेरेझा मावशी दोन बस बदलून आल्या होत्या. शेवटच्या रांगेत, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसल्या होत्या. पिशवीत काय आहे ते मला माहीत होतं. पांढरे बूट, निळी पट्टी, आठ नंबर. प्रिन्सने स्पर्धेसाठी हट्टाने मागितले होते. ते दुकानातून आले तेव्हा त्याला जाऊन दोन दिवस झाले होते. गेली पंधरा वर्षं मावशी ते दर रविवारी पुसतात.

आमचा तेव्हाचा कॅप्टन कौस्तुभ बोलला, रडला. सरांच्या पत्नी अंबिकाताई बोलल्या. मग कौस्तुभने माझं नाव पुकारलं. "नीरज, शॉर्टमध्ये कर हां, नाश्ता थंड होतोय."

मी माईक धरला. मावशी माझ्याकडे बघत होत्या.

"सरांची आठवण सांगायची तर एकच आहे," मी म्हणालो. "प्रिन्स. याच कोर्टावर सरांनी त्याला अंगात ताप असताना पळवलं, आणि तो मेला. तुम्ही सगळे इथेच होतात."

शिट्टी वाजली. एक, लांब.

मी मागे पाहिलं. मागे फक्त खांब होता.

कौस्तुभने फोन खुर्चीवर ठेवला, उठला आणि कोर्टाच्या कडेने धावू लागला. त्याच्यामागून आमचा संघ. मग पालक, मग शिक्षक, मग पदर खोचून अंबिकाताई. कोणी एकमेकांकडे पाहिलं नाही. रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे असतात तसे सगळ्यांचे चेहरे होते. पन्नास माणसांच्या चपला सिमेंटवर वाजत होत्या.

मावशींनी पिशवी खुर्चीखाली नीट सरकवली आणि त्याही धावू लागल्या. त्या चौसष्ट वर्षांच्या आहेत.

कौस्तुभ जवळून गेला तेव्हा मी त्याची बाही पकडली. "अरे, काय चाललंय हे?"

त्याने बाही सोडवून घेतली. "तू मोज ना," तो म्हणाला. आवाजात इतका तिरस्कार होता की मी मागे सरलो.

पाठ खांबाला टेकली. वळून पाहिलं तर नव्या रंगावर अकरा ओरखडे होते, एकाखाली एक. माझ्या हातात बाइकची किल्ली होती आणि तिच्या टोकाला पिवळा रंग लागला होता. मी ती खिशातून कधी काढली, मला आठवत नाही.

मी मावशींना आडवा गेलो, दोन्ही खांदे धरले. त्यांचं अंग तापलं होतं.

"सोड रे," त्या धापा टाकत म्हणाल्या. "शिट्टी न्हाय झाली अजून."

आणि माझ्या हातांखालून निसटून गेल्या.

चौदा. पंधरा. त्यांचे ओठ निळे पडत चालले होते. एक चप्पल कधीच मागे राहिली होती.

सोळा.

मी माईककडे धावलो. "प्रिन्स आधीपासून आजारी होता," मी ओरडलो. "सरांचा दोष नव्हता."

कोणी थांबलं नाही.

"मी उशिरा आलो होतो. चूक माझी होती."

सतरावी फेरी सुरू झाली. मावशी खांबाच्या दिशेने येत होत्या. प्रिन्स पडला होता ती जागा आता चार पावलांवर होती. त्यांचा गुडघा वाकला.

मला दुसरं काहीच सुचलं नाही.

"प्रिन्स नावाचा कोणी मुलगा नव्हता," मी म्हणालो.

दोन शिट्ट्या. आखूड.

सगळे थांबले, आपापल्या खुर्च्यांवर जाऊन बसले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. कौस्तुभने रुमालाने मान पुसली. "ऊन वाढलं यार," तो म्हणाला. "पण मस्त बोललास तू सरांबद्दल." अंबिकाताईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. उपम्याच्या प्लेट्स फिरू लागल्या.

मावशी सावकाश माझ्याकडे आल्या. श्वास लागलेला होता, पण ओठांवर रंग परत आला होता. चेहरा इतका निवांत मी पंधरा वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी कापडी पिशवी माझ्या हातात दिली.

"बाबा, माझ्या खुर्चीखाली कोनाचे तरी बूट राहिलेत. नवे हायेत," त्या म्हणाल्या. "देऊन टाक ज्याचे त्याला. पोरगा शोधत असंल बिचारा."