काट्यावरचे बहात्तर किलो

उतर त्या काट्यावरून. आधी उतर, मग बोल. नाचायला ठेवलाय होय रे तो?

हां, बस आता. विमान काही तासभर येत नाही, धुकं पार खाली आलंय. चहा ओत सगळ्यांना. त्या डब्यात सातूची भाकरी आहे, लोणी वरच्या फळीवर. आणि मॅन्सी, दात काढू नकोस. काट्यावर कशाला चढू नये, ते सांगतो. ऐकल्यावर चढायचं असेल तर खुशाल चढ, मी आडवा येणार नाही.

अर्लंड ड्रेव्हर माहीत आहे ना? माझ्या आधी हे मैदान त्याच्याकडे होतं. लोकांची वजनं करायची, बॅगा चढवायच्या, विमान उतरताना बंब घेऊन उभं राहायचं, मधल्या वेळात मेंढ्या हाकायच्या, सगळं एकट्यानं. आता तो या शेडच्या दारातसुद्धा येत नाही. विचारलंत तर सांगणार नाही. मला सांगितलं तेही तीन पेले पोटात गेल्यावर. मी स्वतः त्या रात्री इथं नव्हतो, कमरेनं आडवा झालो होतो. असतो तर आज ही नोकरी करत नसतो, एवढं नक्की.

गेल्या नव्हे, त्याच्या आदल्या डिसेंबरातली एकोणीस तारीख. गुरुवार. शेवटचं विमान दुपारीच येऊन गेलं होतं. अर्लंड घरी जाऊन जेवला आणि पुन्हा मैदानावर आला, कारण पश्चिमेचं फाटक नीट लागत नव्हतं आणि मेंढ्या रात्री आत शिरून धावपट्टीवर बसायच्या. बरोबर हातोडा, टॉर्च आणि खिशात मूठभर खिळे. गवताची धावपट्टी आपली. आठवडाभराच्या पावसानं तिची खालची निम्मी बाजू पाण्याखाली गेली होती, बदकं पोहत होती तिथं. वारा मात्र पडला होता. पान हलत नव्हतं म्हणावं, तर या बेटावर पान आहे कुठं.

फाटकाला तो खिळा ठोकत होता, तेवढ्यात फोन वाजला. बायकोचा, इंगाचा.

"अर्लंड, कर्स्टनला सुरू झालं."

"अगं, पण ती तर सोमवारी जाणार ना?"

"ते तिच्या पोटातल्याला सांग."

कर्स्टन म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. पहिलटकरीण. आपल्या हेल्से बेटावर बाळंतपण होत नाही, पंधरा दिवस आधी मोठ्या बेटावर जाऊन राहायचं, हे तुम्हाला मी काय सांगणार. नवरा तिकडे भर समुद्रात, तेलाच्या फलाटावर कामाला. आणि नुसत्या कळा असत्या तर इंगाचा आवाज असा चिरका लागला नसता. रक्त जात होतं. नर्स फिनेला बेटावरच होती म्हणून बरं. तिनं फोन हातात घेतला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "आज रात्री ऑपरेशन झालं नाही तर दोघंही हातचे जातील."

हेलिकॉप्टर बेटांच्या पार दुसऱ्या टोकाला गेलेलं. समुद्र आदल्या दिवसाच्या वादळानं अजून खवळलेला, बोट काढायची सोय नाही. उरलं आपलं छोटं विमान. त्याचा पायलट कॅलम, दक्षिणेकडचा पोरगा, इथं येऊन वर्षही झालं नव्हतं. तो म्हणाला, दिवे लावा, येतो.

अर्लंडनं बॅटरीचे दिवे मांडले. वरच्या कोरड्या भागात तेवढे. बंब उभा केला. बाकी काही हातात नव्हतं, म्हणून मांडलेले दिवे पुन्हा पुन्हा सरळ करत राहिला. हा गडी एरवी दगडासारखा थंड. त्या रात्री एका जागी उभा राहवेना त्याला.

साडेआठच्या सुमाराला विमान उतरलं. कॅलम उडी मारून खाली आला, टॉर्च घेऊन धावपट्टीच्या टोकापर्यंत चालत गेला, बूट भिजवून परत आला.

"निम्मीच पट्टी आहे, आणि विमान उचलायला समोरून वारा नाही. पुढं दगडी कुंपण. दोनशे किलो, अर्लंड. वर एक किलोसुद्धा नको. किती जणी आहेत?"

"तिघी. पोर, सिस्टर आणि पोरीची आई."

"दोनशेत बसतात?"

"बसवतो."

हाच काटा. मेंढ्या तोलायचा, जमिनीत बसवलेला. पाच माणसं एकदम उभी राहतील एवढा पत्रा. एकेकीला चढवून वजन करायला वेळ कुणाला होता? तिघींना एकदमच उभं केलं. कर्स्टन मध्ये, दोन्हीकडून दोघींनी धरलेली. अर्लंडला आपल्या घरातल्या बायकांची वजनं माहीत, फिनेला तर मुठीएवढी. एकशे नव्व्याण्णवच्या पुढं जायला नको होतं.

काटा दोनशे एकाहत्तरवर गेला.

"बॅगा ठेवा खाली," अर्लंड म्हणाला.

"बॅगा घेतल्याच कुठं आहेत?" इंगा म्हणाली. "अंगावरच्या कपड्यांनिशी आलोय."

"मग काटा बिघडलाय. उतरा."

तिघी उतरल्या. पत्रा रिकामा झाला. काटा खाली आला... आणि थांबला. शून्यावर नाही. बहात्तरवर.

अर्लंडनं पत्र्यावर लाथ मारली. काटा हलला. पुन्हा बहात्तरवर येऊन उभा राहिला.

इंगा आकड्याकडे बघत होती.

"अर्लंड," ती हळूच म्हणाली, "ही जेसी."

तुम्ही तेव्हा जन्मलाही नव्हता, म्हणून सांगतो. जेसी हेडल. इंगाची मैत्रीण, शाळेत एका बाकावरची. छत्तीस वर्षांपूर्वी मैदान अर्लंडच्या बापाकडे होतं. असाच डिसेंबर, अशीच भिजलेली पट्टी. दिवसाचं शेवटचं विमान, आणि एक माणूस जास्त. जेसीचे दिवस भरले होते, कळा नुकत्या सुरू झाल्या होत्या. म्हाताऱ्यानं तिला या काट्यावर उभं केलं, आकडा मोठ्यानं वाचला आणि म्हणाला, "पहिलटकरणीला वेळ लागतो गं. तू सकाळच्या विमानानं जा." तिच्या जागेवर कोणी सरकारी साहेब गेला. सकाळी धुकं पडलं. तीन दिवस उठलं नाही. जेसीला पोटातल्या बाळासकट पुरलं. ते बाळ काही जगात आलंच नाही.

आकडा इंगाला पाठ होता. ती त्या दिवशी तिचा हात धरून शेजारीच उभी होती. आणि तेव्हापासून अडलेल्या बाळंतिणीसाठी रात्रीचं विमान या मैदानावर आलंच नव्हतं. हे पहिलं.

"काहीतरी बोलू नकोस," अर्लंड म्हणाला. पण आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना.

तेवढ्यात काटा टणकन शून्यावर गेला.

पत्र्यावर कोणी नव्हतं. दारही बंद होतं. पण काटा शून्यावर गेला, आणि अर्लंडचा जीव भांड्यात पडला. बिघाडच होता म्हणायचा, जुनं सामान. कर्स्टनला त्यानं जवळजवळ उचलूनच बाहेर नेलं. पायलटच्या मागच्या सीटवर ती. शेजारी फिनेला. इंगा अजून खाली, गवतावर.

आणि विमानाचं नाक वर गेलं.

हळूहळू. शेपूट खाली बसलं. अवघडलेली बाई सांभाळून चढावी ना, तसं. बेतानं. मग कुरकुर झाली... आणि थांबलं.

कॅलमनं मान वळवली. "मागे कोण चढलं?"

फिनेलानं वळून मागं पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

"अर्लंड, मागे वजन आहे. कोण बसलंय?"

अर्लंडनं मागचं दार उघडलं. टॉर्च मारला. शेवटची सीट रिकामी. सीटवर काही नाही. सीटखाली काही नाही. त्यानं हात आत घातला... आणि मागे घेतला. का घेतला, ते त्याला आजही सांगता येत नाही. गार नव्हतं. काही लागलंही नाही. तिथं जागा नव्हती, एवढंच म्हणतो तो.

"मी असं उडवणार नाही," कॅलम म्हणाला. "कुंपणावर आपटू आपण सगळे."

आतून कर्स्टन कण्हली. फिनेला म्हणाली, "जे काही करायचं ते आत्ता करा. रक्त थांबत नाहीये."

मग अर्लंड दारात वाकला. मैदानावर टोपी न काढणारा माणूस, त्यानं टोपी काढली.

"जेसी, उतर. माझ्या बापाचं चुकलं, सगळ्या बेटाला ठाऊक आहे. पण ही माझी पोर आहे. तिनं तुझं काही घेतलं नाही. उतर गं... पाया पडतो."

काही नाही.

शेपूट तसूभर वर आलं नाही.

"ती नाही उतरायची," मागून इंगा म्हणाली. "मी तरी उतरले असते का?"

"मग काय करू मी? सांग ना."

"तिला कर्स्टन नकोय, अर्लंड. तिला हॉस्पिटलात जायचंय. बास, एवढंच."

"आणि पोरीला बरोबर घेऊन गेली तर?"

इंगानं खिडकीतून आत कर्स्टनकडे पाहिलं.

"ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "पण इथं ठेवली तर पोर जातेच आहे."

तिनं आपली शाल काढून खिडकीतून फिनेलाच्या हातात दिली.

कर्स्टननं विचारलं, "आई, तू येत नाहीस?"

"मागून येते गं. तू हो पुढं."

मग इंगा मागच्या दाराशी गेली. टॉर्च नाही, काही नाही. अंधारात बघून बोलली, शेजारणीशी बोलावं तशी.

"जेसी, माझी जागा तुला. पोर माझी आहे. सांभाळून ने."

तिनंच दार लावलं. इंगा आणि जेसी वजनाला सारख्याच, म्हणजे आकडा दोनशेच्या आतच; कॅलमनं इंजिन सुरू केलं.

विमान धावलं. जड धावलं. एकेक दिवा मागे पडत गेला. चाकं गवत सोडेनात. शेवटचा दिवा... कुंपण... आणि मग आवाज कुंपणाच्या पलीकडे गेला. वर गेला. लहान होत गेला.

दोघं तिथंच उभे राहिले. अर्लंडला वाटत होतं, आपण पोरीला आपल्या हातानं कुणाच्या तरी ताब्यात दिलं. इंगाच्या मनात काय चाललं होतं ते तिनं कधी सांगितलं नाही. इंगा कुडकुडत होती, शाल विमानात गेली होती. अर्लंडनं आपला कोट तिच्यावर टाकला, तो खाली पडला, कुणी उचलला नाही.

फोन वाजला. कॅलमचा. "उतरलो. गाडी येऊन थांबली होती, नेलं तिला."

ती रात्र त्यांनी या शेडमध्येच काढली. घरी जावंसं वाटेना, आणि इथंही बसवेना. अर्लंड दारापर्यंत जायचा, परत यायचा. इंगा काट्याकडे पाठ करून बसली होती. साडेअकरा वाजून गेल्यावर फिनेलाचा फोन आला. मुलगी झाली. लहानखुरी आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय, पण रडतेय चांगली. कर्स्टन शुद्धीवर आहे. दोघी वाचल्या.

इंगा खाली जमिनीवर बसली आणि दोन्ही तळहातांत तोंड खुपसून रडली. अर्लंडही रडला. तसं त्यानं मला सांगितलं नाही, पण रडलाच असणार.

सकाळी दहाला विमान फिनेलाला घेऊन परत आलं. रात्रभर ते तिकडे शेडमध्ये कुलूपबंद होतं. येताना फिनेला कॅलमच्या शेजारी बसली होती. मागे कोणी फिरकलंसुद्धा नाही, ती म्हणाली. इंगाला हॉस्पिटलात पोचवायला तेच विमान जाणार होतं, म्हणून अर्लंड आत चढून सीटा बघू लागला.

आता तुम्हाला माहीत आहे, रिकाम्या सीटचे पट्टे आपण आवळून अडकवून ठेवतो, नाहीतर उडताना बकलं आपटत राहतात. आदल्या रात्री विमान आल्या आल्या, कुणी चढायच्या आधी, अर्लंडनं शेवटच्या सीटचा पट्टा स्वतःच्या हातानं करकचून आवळला होता.

तो सुटा होता. दोन्ही टोकं सीटच्या दोन बाजूंना पडलेली, उतरलेला माणूस टाकून जातो तशी. आणि शेवटच्या टोकापर्यंत सैल केलेला.

अर्लंडचं पोट केवढं आहे, तुम्ही पाहिलंय. त्यानं त्या सीटवर बसून पट्टा स्वतःला लावून बघितला.

वीतभर उरला.