मागच्या दाराशी चाफा

नलूताई ठाकूरद्वारच्या स्टॉपवर अशा उभ्या होत्या, की समोरून रणगाडा आला असता तरी त्यानेच गल्ली बदलली असती. करोनापासून बसची पायरी त्या चढल्या नव्हत्या. शेवटी शीवहून लेकीने, सीमाने, निर्वाणीचं सांगितलं होतं, "बसने एकटी माझ्याकडे येऊन दाखव, मग राहा खुशाल तुझ्या खोलीत. नाहीतर बाडबिस्तरा इकडे!"

नवऱ्यामागे त्याच खोलीत एकटीने संसार ओढलेली बाई ती. अंबाड्यात चाफा खोचून निघाली.

बस आली. नलूताई मागच्या दाराकडे धावल्या... आणि आतून उतरणाऱ्यांचा असा लोंढा आला, की चाफा उडून शेजारच्या गृहस्थांच्या खांद्यावर जाऊन बसला. बस गेली.

"अहो, आता पुढून चढतात. मागून उतरतात," गृहस्थ म्हणाले.

"जन्मभर मागून चढले मी! हे उलटं कधी झालं?"

"आपण घरात कोंडलेलो होतो तेव्हा. मला कालच कळलं."

"मग आज मागच्या दाराशी काय करत होतात?"

गृहस्थांचे कान लाल झाले. "तुम्ही धावलात... पाय आपसूक तुमच्यामागे आले."

हे खोताच्या वाडीतले शामराव. बायको गेल्यापासून एकटे. लालबागला भावाकडे निघाले होते.

पुढची बस आली. त्यांनी हात पुढे केला.

"हात नको. एकटीने जायची पैज आहे."

"बरं. मग आपली ओळखच नाही."

नलूताई खिडकीशी बसल्या, शामराव त्यांच्या मागच्या सीटवर. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, तसा मागून एक हात आला — त्यांना न शिवता, दांड्यावर, त्यांच्या बोटांच्या वीतभर वर थांबला. एवढ्या गर्दीत नलूताईंना तेवढी वीतच जाणवत राहिली.

"लालबाग गेलं," त्या खिडकीला म्हणाल्या.

"जाऊ दे."

"भाऊ वाट बघत असेल."

"करोनापासून बघतोय. आणखी थोडी बघेल..."

परळ गेलं, दादर गेलं. खिडकीच्या काचेत नलूताई हसत होत्या. शीवला मात्र दोघं शहाण्यासारखी मागच्या दारानेच उतरली.

सीमा स्टॉपवरच होती. "आई! खरंच एकटी आलीस? ...आणि हे कोण? यांच्या खिशात चाफा?"

नलूताईंनी शामरावांच्या खिशातून फूल काढलं, त्यांच्याच हातात दिलं आणि अंबाडा पुढे केला.

"आले एकटीच. परत एकटीच जाईन, असं कुठे ठरलं होतं?"