माझ्याआधी क्लिक

यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. ज्यांना पटणार नाही, त्यांच्याशी वाद घालायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही.

मी नाटकांचे फोटो काढते. बावीस वर्षं झाली. फ्लॅश चालत नाही. जागेवरून हलायचं नाही. आणि रंगमंचावरचं माणूस आपल्यासाठी थांबत नाही. पापणी लवली की क्षण हातचा गेला.

गोष्ट गेल्या वर्षीच्या एका मंगळवारची. दुपारचे तीन. एकपात्री नाटकाची रंगीत तालीम होती. एवढ्या मोठ्या नाट्यगृहात आम्ही तिघंच... रंगमंचावर नटी, मागच्या केबिनमध्ये लाइटवाले काका आणि चौथ्या रांगेत मी.

दुसऱ्या प्रवेशात नटीने सावकाश मान वळवली...

क्लिक.

मी बटण दाबलंच नव्हतं.

शिवाय माझा कॅमेरा आवाजच करत नाही. नाटकासाठी मुद्दाम तसा घेतलाय.

नटी थांबली. "ताई, तेवढा आवाज बंद करता का? लिंक तुटते माझी."

"अगं, माझा नाही तो."

"मग काय माझा?" ती हसली.

मी नाही हसले. आवाज वरून आला होता. बाल्कनीतून.

काका म्हणाले, "वर कुलूप आहे. किल्ली ही काय, माझ्या खिशात. उंदीर असेल."

उंदीर फोटो काढतो होय?

तालीम पुन्हा सुरू झाली.

क्लिक... क्लिक...

मग लक्षात आलं. आवाज अचूक वेळी येत होता. तिचे डोळे भरायच्या जरासं आधी. हसू ओठांवर यायच्या बेतात असताना. मी मुकाट्याने त्या आवाजासरशी बटण दाबायला लागले.

खरं सांगू? भीती वाटलीच नाही. मी घरी एकटी. भरलेल्या नाट्यगृहातही एकटी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासोबत तेच बघत होतं.

फोटो पाहताना नटी एका फोटोवर थांबली. "ताई, इथे मी रडणार हे मलाच माहीत नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?"

मी पुढचा फोटो दाखवला.

महिन्याभराने तिथेच प्रयोग होता. बाल्कनी तेव्हाही बंदच. मी कान टवकारून बसले.

काहीच नाही.

प्रयोग संपत आला, तरी काहीच नाही. एक फोटो धड आला नाही.

पडदा पडला. लोक गेले. मी तशीच बसून राहिले. निघताना वर न बघता हळूच म्हटलं, "येते हं मी."

खट्...

बाल्कनीतली एक खुर्ची मिटली.

बसलेलं कोणी उठलं की मिटते, तशी.

मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही. बॅगची चेनही न लावता बाहेर पडले. घरी आल्यावर दाराच्या दोन्ही कड्या लावल्या.

याला सात महिने झाले. तिथलं काम मी आता घेत नाही. पण जो कोणी उठला, तो गेला कुठे... हा विचार पाठ सोडत नाही.

बहीण रोज फोन करते. "एकटीच ना गं घरात?" म्हणून विचारते.

हल्ली मला चटकन 'हो' म्हणवत नाही.